सव्वादोन फुटांचा जिना

मधूला जाऊन सहा आठवडे झाले. त्या सकाळी फोन आला तो रफीकभाईंचा. रफीकभाई म्हणजे मधूच्या मुकुंदवाडीतल्या इमारतीत तळमजल्यावर राहणारे शिंपी, मूळचे सिल्लोडचे, त्याचे सगळ्यात जुने भाडेकरू. एरवी माझ्याशी मराठीत बोलतात, घाबरले की हिंदीवर येतात. "भाईसाब, जल्दी आओ. मालक गिर गये. अँब्युलन्स आयी है, लेकिन ऊपर से उतारते नहीं आ रहा..." मला आधी काही उमगलंच नाही. माणूस पडला असेल तर उचलायचा आणि खाली आणायचा, त्यात न येण्यासारखं काय आहे? गारखेड्यातल्या माझ्या घरून रिक्षा केली, आणि मुकुंदवाडी स्टेशनचा रस्ता आला तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. जिना. स्ट्रेचर जिन्यात वळत नसणार. मी पेशाने आरेखक. चाळीस वर्षं एका इंजिनिअरच्या ऑफिसात घरांचे नकाशे काढले. मधूच्या इमारतीचाही नकाशा माझाच, आणि तो जिनाही माझ्याच हातचा.

मी पोचलो तेव्हा त्याला खाली आणलं होतं. स्ट्रेचर दुसऱ्या मजल्याच्या वळणावर अडकलं, मागेही जाईना आणि पुढेही येईना. शेवटी रफीकभाईंच्या दुकानातली प्लॅस्टिकची खुर्ची वर नेली, मधूला ओढणीने खुर्चीला बांधलं आणि एक भाडेकरू पुढून, एक मागून, असं एकेक पायरी उतरवलं. पाच-सहा तरणी पोरं मदतीला उभी होती, पण त्या जिन्यात एका वेळी एकच माणूस मावतो. यात किती मिनिटं गेली ते प्रत्येक जण वेगळं सांगतो. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. थोडं आधी आणलं असतं तर... असं डॉक्टर म्हणाले नाहीत. मीही विचारलं नाही. आजतागायत विचारलेलं नाही, आणि मित्रावर चार चांगले शब्द लिहायला बसलो तरी मन फिरून फिरून त्या न विचारलेल्या प्रश्नापाशीच येतं.

त्याची बायको, आमच्या निर्मला वहिनी, तिसऱ्या मजल्यावरच आहेत. दोन्ही गुडघे गेलेले. अंत्यदर्शनाला त्यांना एकीने पुढून, एकीने मागून धरून कसंबसं खाली आणलं आणि नंतर तसंच वर नेलं. त्यानंतर त्या खाली उतरलेल्या नाहीत. भाजी दोरीला बांधलेल्या पिशवीतून वर जाते. ज्या बाईच्या नवऱ्याने शहरात सात खोल्या भाड्याने दिल्या, तिला स्वतःला जमिनीवर पाय टेकवता येत नाही. हे आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी मधूचं कौतुक करायला लागलो तर कोणी वाहवत जाऊ नये. मला स्वतःलाच त्याची फार भीती आहे.

आम्ही दोघं कन्नडचे. औरंगाबादला आयटीआयला बरोबर आलो, तो फिटर, मी आरेखक. जुन्या शहरात एक खोली दोघांत घेतली होती. घरमालक नळाला कुलूप लावायचा आणि सकाळी अर्धा तास उघडायचा. मी शिव्या घालून मोकळा व्हायचो. मधू शिव्या घालत नसे, तो घरमालकाकडे बघत बसायचा. एकदा म्हणाला, "शंकऱ्या, आपण महिनाभर मरायचं अन् याच्या हातावर ठिवायचं. याला कधी घाम आलेला बघितला का तू?" मला वाटलं, चिडलाय. तो चिडलेला नव्हता, तो शिकत होता.

त्याचे वडील साखर कारखान्यात हंगामी कामगार होते. गाळप संपलं की पगार बंद, आणि पगार बंद झाला की खोलीचं भाडं थकायचं. मधू आठ-नऊ वर्षांचा असताना त्यांना खोलीतून बाहेर काढलं. ही गोष्ट त्याने मला आयुष्यात एकदाच सांगितली. घरमालकाने भांडीकुंडी उचलून रस्त्याच्या कडेला ठेवली, आणि नेमका तो आठवडी बाजाराचा दिवस. मांडून ठेवलेली भांडी बघून खेड्यावरची एक बाई थांबली आणि तिने मधूच्या आईला पातेल्याचा भाव विचारला. "आईनं काय केलं माहितेय का तुला? आईनं भाव सांगितला."  त्यानंतर मधूने जे जे केलं, त्यातलं मला फारसं काही कधी अनाकलनीय वाटलं नाही. राग मात्र पुष्कळदा आला.

चिकलठाण्याच्या एका कारखान्यात त्याला नोकरी लागली. आम्ही बाकीचे पगारातून टीव्ही घेत होतो, स्कूटरला नंबर लावत होतो. याने मुकुंदवाडीत, जिथे तेव्हा ज्वारी उभी असायची, वीस बाय तीसचा प्लॉट घेतला. लग्न झालं तेव्हा प्लॉटवर पत्र्याची शेड होती. नवी नवरी त्या शेडमध्ये आली. "दोन वर्सं कळ काढ," त्याने तिला सांगितलं, "मग तुला खाली, रस्त्याच्या तोंडाची खोली. दारात तुळस लाव, ओट्यावर बसून शेंगा सोल, कुणी उठ म्हणणार नाय." वहिनी हे सांगताना हसायच्या. आधी खरंच हसायच्या, नंतर नुसतं तोंड हसायचं.

मधूचा एक नियम होता आणि तो त्याने शेवटपर्यंत मोडला नाही. कच्च्यात आपण, पक्क्यात भाडेकरू. तळमजल्याच्या भिंती उभ्या राहिल्या, वर स्लॅब पडला, की शेडमधून उठून ही दोघं बिनगिलाव्याच्या खोलीत जायची. उघड्या विटा, खिडकीला पल्ला नाही, साडी बांधलेली. पगारातून हळूहळू गिलावा व्हायचा, फरशी बसायची, रंग लागायचा. रंगाचा वास जायच्या आत भाडेकरू हजर, आणि वहिनी आपले डबे, गादी, देव्हारा उचलून शेजारच्या नाहीतर वरच्या कच्च्या खोलीत. त्या भाड्यातून ती खोली पक्की व्हायची, की पुन्हा वर. एकाच इमारतीत त्या बाईने सहा वेळा बिऱ्हाड हलवलं. "भाऊजी," त्या म्हणायच्या, "लोकांची बदली होते तर निदान गाव तरी नवं मिळतं. माझा पोस्टमनसुद्धा बदलंना." मी मोठ्याने हसायचो. मधूही हसायचा, आणि दुसऱ्या दिवशी सिमेंटचा भाव काढायला जायचा.

यावरून तो कंजूष होता असं कोणी समजू नये. भाडेकरूच्या खोलीत थेंब गळला तर रविवारी सकाळी हा पान्हा घेऊन दारात उभा. पाण्याचा नळ त्याने कधी, एकदाही, बंद केला नाही. कोरोनाच्या वेळी शिलाईचं काम ठप्प झालं, रफीकभाई तोंड लपवून जायला लागले, तेव्हा याने त्यांना ओट्यावर बसवून सांगितलं, "खोली कुठं पळून चाललीय का? अन् तुम्ही तरी कुठं चाललात? द्या सावकाश." ते भाडं त्याने पुढे मागितलंच नाही. रफीकभाई दर ईदेला शीरखुर्मा घेऊन तिसऱ्या मजल्यावर चढायचे आणि उघड्या विटांच्या भिंतीला टेकून बसायचे. मालकाच्या घरापेक्षा आपलं घर देखणं आहे याची त्यांना लाज वाटायची, असं त्यांनी मला परवा सांगितलं.

आणि मधूचं गणित चुकलं होतं असंही मला म्हणता येत नाही, हीच तर पंचाईत आहे. त्याच्या कारखान्याला टाळं लागलं तेव्हा त्याच्याबरोबरचे कामगार उन्हात बसले. कुणी रिक्षा चालवली, कुणी दारूत गेले, एक-दोघं कन्नडला परत गेले. मधूच्या घरात एका वेळचा स्वयंपाक चुकला नाही. एकुलता मुलगा अमोल इंजिनिअर झाला, पुण्याला लागला, तिथे त्याने फ्लॅट घेतला आणि त्याच्या हप्त्याला तळमजल्याचं भाडं जायला लागलं. "पगार थांबतो शंकऱ्या, भाडं नाय थांबत," असं तो म्हणायचा, तेव्हा मला माझी संपत आलेली नोकरी आठवायची आणि मी मान डोलवायचो. माझं स्वतःचं घर दोन खोल्यांचं. गिलावा मात्र पहिल्या दिवसापासून आहे, हे मी त्याला एकदा टोचून बोललो होतो. तो म्हणाला, "तुझ्या गिलाव्याला पिल्लं होत नाईत."

आता जिन्याचं सांगतो. किती दिवस टाळणार?

तळमजल्याचा पाया घ्यायच्या आधीच वरचे मजलेही चढवायचे ठरले होते, तेव्हा मी नकाशा घेऊन त्यांच्या शेडमध्ये गेलो होतो. जिना साडेतीन फूट रुंद काढला होता. मधूने फूटपट्टी घेतली आणि बराच वेळ त्या कागदावर वाकून बसला. मग म्हणाला, "हा सव्वादोन कर." मी म्हटलं, वेडा आहेस का? त्याने समजावून सांगितलं, आणि समजावण्यात तो वस्ताद होता. जिना एका बाजूने चढतो आणि वळून दुसऱ्या बाजूने चढतो, म्हणजे दोन्हीकडचे सव्वा-सव्वा फूट वाचले तर अडीच फूट हाताशी आले. अडीच फुटांत मोरी-संडास बसतो. स्वतंत्र मोरी-संडास झाला की खोली स्वतंत्र झाली, आणि प्रत्येक मजल्यावर एकाऐवजी दोन बिऱ्हाडं. मी विचारलं, "अरे, उद्या कुणाचं कपाट वर न्यायचं तर?" तो हसला. "भाडेकरूला कपाट कशाला? कपाटवाला माणूस एकदा बसला की हलत नाय." मलाही हसू आलं. मी रबर घेतलं, साडेतीनची रेघ पुसली आणि सव्वादोनची मारली. मी कपाटाचा विचार केला होता. माणसाचा केला नाही. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या घरांचे जिने काढणाऱ्या मला, माणूस कधी आडवाही उतरवावा लागतो हे सुचलं नाही. का, सुचलं होतं आणि मित्रापुढे बोललो नाही? या सहा आठवड्यांत मी याची दोन्ही उत्तरं देऊन पाहिली आहेत.

तेराव्याला जेवणाची भांडी त्याच जिन्यातून वर चढवताना अमोलचं कोपर फुटलं. तो ओरडला, "कोणत्या गाढवानं काढलाय हा जिना?" मी त्याच्या मागच्याच पायरीवर होतो, हातात भाताचं पातेलं. वहिनी वरच्या दारात भिंतीला धरून उभ्या होत्या. मी पातेलं वर ठेवलं आणि पोटात दुखतंय सांगून न जेवता घरी आलो.

त्यानंतर वहिनींनी कुठे राहायचं हा प्रश्न निघाला. अमोल त्यांना पुण्याला नेतो म्हणाला, अगदी मनापासून म्हणाला. त्या नाही म्हणाल्या, पुण्याला बाराव्या मजल्यावर बसून मी काय करू? मग रफीकभाई स्वतःहून वर आले. "भाभी, तुम्ही खाली या. दुकान राहू द्या, मागच्या दोन खोल्या मी सोडतो. दुसऱ्या मजल्यावर दोन्ही खोल्या रिकाम्या आहेत, तिथं आम्ही जातो. मालक गेले तेव्हापासून मला खाली झोप येत नाही." मला वाटलं, सुटलं. पण अमोलचं तोंड उतरलं. तो वाईट मुलगा नाही, मी त्याला कडेवर खेळवलंय. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "काका, सगळ्यात जास्त भाडं तळमजल्याचं. ते दुसऱ्या मजल्यावर कोण देणार? माझा हप्ता त्यावर आहे. आईने एक वर्ष कळ काढली तर मी काहीतरी जुळवतो. बाबांनाही हे पटलं नसतं." आणि खरंच, बाबांना पटलं नसतं. कळ काढ, हे शब्दसुद्धा बाबांचेच होते. मला त्या पोराच्या कानाखाली वाजवावीशी वाटली आणि पुढच्याच क्षणी त्याच्या गळ्यात पडून रडावंसं वाटलं, कारण तो बोलत होता तेव्हा अगदी मधूसारखा एक खांदा वर उचलत होता.

एवढं लिहून ठेवलं होतं, तेवढ्यात रविवारी वहिनींनी मला निरोप धाडून बोलावलं. वर गेलो तर अमोल पुण्याहून आलेला, रफीकभाई दाराशी. वहिनींनी माझ्यापुढे एक कागद सरकवला. अकरा महिन्यांचा भाडेकरार, मधूचे सगळे करार ज्या नमुन्यात असायचे त्याच नमुन्यात, कोपऱ्यावरच्या दुकानातून टाईप करून आणलेला. मालकाच्या जागी अमोलचं नाव. भाडेकरूच्या जागी निर्मला मधुकर, आणि जागा तळमजल्याच्या मागच्या दोन खोल्या. नवऱ्यामागे जी पेन्शन बसली होती तिच्यातून त्या भाडं देणार होत्या, रफीकभाई देत होते तेवढंच. "भाऊजी, साक्षीदार म्हणून तुमची सही पाहिजे."

"आई, काय तमाशा आहे हा?" अमोलचा आवाज चिरकला. "तू मालकीण आहेस या घराची!"

"व्हय. अडतीस वर्सं मालकीणच होते, अन् ह्या विटा बघत बसले." त्या शांतपणे बोलत होत्या. "तुझ्या बापानं भाडेकरूला बिनगिलाव्याची खोली दिल्याली मला एक दाखव. भाडेकरूच्या तोंडावर त्यानं कधी नाय म्हटलेलं दाखव. मला मालकीण व्हायचं नाय आता. मला नीट खोली पाहिजे."

अमोल खाली मान घालून बसला. कायद्याने हा कागद काही कामाचा नाही, घर तुमचंही आहे, हे मी वहिनींना सांगायला लागलो, पण त्यांनी हातानेच थांबवलं. मी पेन उघडलं. साक्षीदार या शब्दापुढे रेघ होती आणि तिथे माझं नाव लिहायचं होतं... मला जमेना. मला त्या घरात साक्षीदार म्हणवून घ्यायची लाज वाटली. पेन खाली ठेवलं आणि सगळ्यांसमोर बोलून टाकलं, "अमोल, तो जिना काढणारा गाढव मी आहे. वहिनी, मी साडेतीन फूट काढला होता. मधूने सांगितलं आणि मी सव्वादोन केला. तो त्या जिन्यात अडकून गेला. माफी मागायचं तोंड नाही मला."

रफीकभाईंनी मान दुसरीकडे वळवली. अमोल माझ्याकडे बघतच राहिला. वहिनी मात्र दचकल्या नाहीत.

"माहितेय मला," त्या म्हणाल्या. "तुम्ही दोघं शेडमधी बोलत होता तवा मी स्टोपाशी बसले होते. सगळं ऐकलं. तुम्ही साडेतीन म्हणत होता, हे सव्वादोन म्हणत होते. मी बोलले असते तर ऐकलं असतं त्यांनी, तवा ऐकायचे ते माझं. पण मी गप बसले." त्यांनी पदर सारखा केला. "शेडला मोरी नव्हती भाऊजी. शेजारणीकडं जावं लागायचं. मला वाटलं, एवढ्या मोऱ्या निघतेत तर एखादी माझी असंल."

मी सही केली. माझ्यानंतर अमोलने केली. वहिनींनी सगळ्यात शेवटी, एकेक अक्षर जुळवत केली.

मधूच्या इमारतीत एक रीत आहे. जिन्यात दोघं समोरासमोर आले तर एकाला उलटं परत जावं लागतं, म्हणून पाय टाकायच्या आधी मोठ्याने हाक द्यायची. मधू वरून "उतरतो रेऽ" अशी आरोळी ठोकायचा आणि खालचा माणूस जिथे असेल तिथे थांबायचा. तो गेला तरी भाडेकरूंची पोरं अजून तशीच हाक देतात, त्याच्याच सुरात, रे लांबवून. त्या दुपारी वहिनी खाली जायला उठल्या. मी पुढे झालो, अमोल मागे राहिला, आम्हा दोघांपैकी कुणालाही त्यांच्या शेजारी उभं राहता येत नव्हतं. त्यांनी दोन्ही हात दोन्ही भिंतींना लावले आणि खाली तोंड करून हाक दिली, "उतरते रेऽ..." खालचे सगळे आवाज थांबले. शिलाईचं मशीनसुद्धा थांबलं. वहिनींना उतरायला फार वेळ लागला.